पनीरच्या तिखट करंज्या

धारवाड म्हटले की पेढा आठवतो. या पेढ्याची भौगोलिक निर्देशन म्हणून नोंद झाली आहे. खवा साखरेसह दीर्घकाळ परतल्याने त्यातील पाणी आटते. म्हणून पेढा टिकतो. रेल्वे स्थानकाजवळील मळमड्डीत एखाद्या गृहिणीने त्याच दुधाचे पनीर करून तिखट करंज्या केल्या, तर हा हिशेब उलटतो. पनीरमध्ये निम्म्याहून अधिक पाणी असते आणि साखरेचे संरक्षण नसते. बेताच्याच करून त्याच दिवशी संपवाव्यात.

याकरिता ताजे दूधच घ्यावे. आपोआप नासलेले दूध फुकट जाऊ नये म्हणून त्याचे पनीर करण्याची काटकसर पुष्कळ घरांत दिसते. ती महागात पडू शकते, कारण दुधात वाढलेल्या काही जंतूंचे विष उकळूनही नाहीसे होत नाही.

एक लिटर म्हशीचे दूध उकळून खाली उतरवावे. दोन मोठे चमचे लिंबाचा रस तेवढ्याच कोमट पाण्यात मिसळून थोडा थोडा घालावा. हिरवट निवळी सुटताच रस घालणे थांबवावे. अधिक आंबटाने पनीर चरबरीत होते. मलमलीच्या फडक्यात गाळून वरून स्वच्छ पाणी ओतावे व अर्धा तास वजनाखाली ठेवावे. सुमारे दोनशे ग्रॅम पनीर मिळते. निवळी टाकू नये.

पाव किलो मैद्यात दोन चमचे कडकडीत तुपाचे मोहन व मीठ घालून, गार निवळीने घट्ट भिजवावे. पनीर कुस्करून त्यात जिरे, मिरची व कोथिंबीर मिसळावी. मीठ मात्र करंज्या भरण्याच्या वेळीच घालावे. आधी घातल्यास पाणी सुटते, पारी ओली होते आणि करंजी तेलात फुटते. निम्म्या करंज्या बिघडतात त्या येथेच.

लहान पुऱ्या लाटून, चमचाभर सारण भरून, कडा ओल्या बोटाने चिकटवाव्यात व मध्यम आचेवर तळाव्यात. तुर्कस्तानातील बोरेकमध्येही असेच चीज भरतात. ते पुष्कळदा भट्टीत भाजतात. लिंबाने फाडलेले पनीर उष्णतेने वितळून वाहत नाही, त्यामुळे याही करंज्या भट्टीत भाजता येतात. त्या आधी वरून तूप लावावे.