कोरड्या दिवसांची पारख

मंडळीच्या कारभारात जो माणूस वर्षानुवर्षे गुंतलेला असतो, त्याच्या आत्मिक जीवनाला लागलेली ओहोटी सर्वांत शेवटी त्याच्याच ध्यानात येते. कारण रविवारच्या उपासनेतील हजेरी, प्रभुभोजनाची व्यवस्था, दानाचा जमाखर्च, आजाऱ्यांच्या भेटी यांत बाहेरून पाहणाऱ्याला तिळमात्र न्यून आढळत नाही, आणि लोकांनी दिलेली मान्यता हीच आपल्या विश्वासाची सनद होय असे मानणे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. अहमदनगर जिल्ह्यातील एका मंडळीचे दफ्तर मी सांभाळीत असता माझी अवस्था नेमकी अशी झाली होती, आणि ज्यांच्यावर ती आज ओढवली आहे त्यांच्या उपयोगासाठी ती सांगणे मला अगत्याचे वाटते.

या अवस्थेची लक्षणे फार सौम्य असतात. शास्त्र मी रोज उघडीत असे, परंतु ते शब्बाथशाळेचा पाठ काढण्यासाठी, म्हणजे नेहमी दुसऱ्यांकरिता. उपदेश ऐकताना अमुक वचन अमुक गृहस्थाला कसे लागू पडते याचाच विचार मनात चाले. घरच्या उपासनेत प्रार्थना ओघाने तोंडून निघे, तिच्यातील वाक्यांचा क्रमही बदलत नसे, आणि ‘आमेन’ म्हटल्यावर आपण काय मागितले हे आठवावे लागे. त्यातच मंडळीच्या जागेच्या मामल्यावरून एका सहकारी वडिलांशी माझे वितुष्ट आले. एकाच प्रभूच्या मेजाला आम्ही दोघे जात होतो, आणि उपासना संपली की एकमेकांची नजर चुकवून बाहेर पडत होतो. या वितुष्टाचा आणि अंतरीच्या कोरडेपणाचा काही संबंध असेल, अशी शंकाही मला बराच काळ शिवली नाही.

पुढे कोरडेपणा जाणवू लागला, तेव्हा मी भावनेच्या शोधात निघालो. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात १९०५ साली झालेल्या जागृतीच्या हकिकती मी लहानपणापासून ऐकल्या होत्या. रडत रडत पापांची कबुली देणाऱ्या आणि मग खेड्यापाड्यांत शुभवर्तमान सांगायला निघणाऱ्या त्या मुलींचे अश्रू आपल्यालाही लाभावेत, म्हणून जागृतीच्या सभा जवळ केल्या, उपवास केले. सभेत मन हेलावे, आणि घरी परतून चार दिवस लोटतात तोच पूर्ववत होई. वाचकाला माझी पहिली ताकीद येथेच आहे. त्या मुलींना देव हवा होता, आणि अश्रू त्यामागून आले. मी अश्रूच मागत बसलो होतो, आणि असा मागणारा प्रार्थनेच्या वेळीही सारा काळ स्वतःकडेच पाहत असतो.

अखेर मी एका वृद्ध पाळकसाहेबांकडे गेलो. ‘‘आपले मन देवाच्या ठायी लागत नाही, असे म्हणता, मग ते लागते कुठे, ते आधी सांगा,’’ एवढेच त्यांनी विचारले. कोरडेपणा एकाच जातीचा नसतो आणि त्याची जात ओळखल्यावाचून उपचार करणे घातक आहे, हे त्यांनी मला शिकविले. सोळाव्या शतकातील स्पेन देशचे साधू क्रुसाचा योहान यांनी आत्म्याच्या अंधाऱ्या रात्रीवर लिहिताना तिची तीन चिन्हे सांगितली आहेत: देवाच्या गोष्टींत गोडी वाटत नाही तशी जगाच्या कोणत्याच गोष्टीत वाटत नाही; आपण देवाच्या सेवेत मागे पडलो या चिंतेने जीव व्याकुळ असतो; आणि पूर्वीसारखे मनन करू म्हटले तरी ते साधत नाही. ही चिन्हे एकत्र दिसली, तर ती देवानेच घेतलेली परीक्षा समजावी आणि शांतपणे त्याच्यापुढे थांबून राहावे. मला मात्र जागेच्या कागदपत्रांत गोडी होती, पंचांच्या वादात गोडी होती, प्रतिपक्षाच्या फजितीच्या वार्तेत तर विशेषच होती. माझी ती रात्र नव्हती. मी दिवसाढवळ्या डोळे मिटून घेतले होते.

आणखी एक जात आहे, आणि जन्माने ख्रिस्ती असलेल्या आपल्यासारख्यांनी तिचा विचार अवश्य करावा. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे झाला. परंतु १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात, की त्यानंतर सुमारे आठ वर्षे त्यांच्यापाशी ख्रिस्ती धर्म होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त त्यांना गवसला नव्हता. एवढ्या विदुषीने, एवढा त्याग केल्यावर, हे उघड लिहावे, याने माझ्या मनाला मोठा आधार दिला आहे. ज्याची वाढ खुंटली असे वाटते, त्याची वाढ कदाचित सुरूच झालेली नसेल. हे मान्य करण्यात कमीपणा मुळीच नाही.

माझ्यापुरती वाट सरळ होती. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभूने अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करण्याची आज्ञा दिली आहे, ती मी शब्बाथशाळेत कितीदा तरी शिकविली होती. मी त्या गृहस्थांच्या घरी गेलो. जागेचा निवाडा त्या भेटीत झाला नाही, त्यांचे मत त्यांनी सोडले नाही, मीही माझे सोडले नाही. तथापि आम्ही एकत्र गुडघे टेकले, आणि त्या रात्री स्तोत्रसंहितेतील बेचाळिसावे स्तोत्र मी कोणाचाही पाठ काढण्यासाठी वाचले नाही. भावना विशेष उचंबळल्या, असेही नाही. त्यानंतर मार्काचे शुभवर्तमान थोडे थोडे, केवळ स्वतःकरिता वाचावे, ठरीव वाक्ये सोडून जे खरे तेच देवाला सांगावे, आणि जिथे कोणी पाहत नाही असे एखादे सेवेचे काम पत्करावे, असा क्रम ठेवला. मधूनमधून मन पुन्हा ओसाड होई, आणि सर्व जबाबदाऱ्यांचा राजीनामा द्यावा असे वाटे. लोयोलाच्या इग्नेशियसांचा एक नियम त्या वेळी पाळकसाहेबांनी मला सांगितला: मन खचलेले असताना, ते स्वस्थ असताना केलेला निश्चय बदलू नये. त्या नियमाने मला अनेकदा सावरले.

वाढीची पारख भावनेवर करू नये, आज्ञापालनावर करावी. इब्री लोकांस लिहिणाऱ्याने जड अन्न न झेपणाऱ्यांना दोष दिला आहे, तो त्यांचे रडणे कमी झाले म्हणून दिलेला नाही. बरेवाईट ओळखण्याचा त्यांचा सराव सुटला म्हणून दिला आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदे घरोघर गायिली जात होती, सन्मानाला काही उणे नव्हते. तरीही १९१७ साली, पन्नाशी उलटून गेल्यावर, मिशनची पगारी चाकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. दोन वर्षांत त्यांचे देहावसान झाले, आणि तो दरबार फार विस्तारला नाही. पण आपल्याला पोहोचायचे ते ठिकाण अजून पुढेच आहे असे मानणारा पौलाचा अनुयायी कसा असतो, ते मला टिळकांच्या त्या अखेरच्या पर्वात दिसते.

हे सर्व वाचून कोणी शोकाने किंवा दुखण्याने खचलेल्या माणसाकडे जाऊन त्याला पश्चात्तापाचा उपदेश करू लागेल, याची मला भीती वाटते. असे करू नका. ज्या आईने लेकरू पुरले आहे, तिला प्रार्थना सुचत नाही हा तिचा अपराध नव्हे. एलिया अरण्यात झाडाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूताने त्याला दोष दिला नाही. भाकर आणि पाणी दिले, पुन्हा निजू दिले, पुन्हा उठवून खायला घातले, आणि होरेब पर्वताची वाट त्यानंतर धरविली. अशांच्या घरी जेवण घेऊन जा, बोलल्यावाचून बसा, त्यांच्या वतीने तुम्ही प्रार्थना करा; आणि झोप व अन्न फार दिवस सुटले असेल, तर त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जाण्यास विलंब लावू नका.