लाइन एक, फायरवॉल दोन

इंटरनेटची लाइन एकच असताना फायरवॉल दोन कशाला, असं अकाउंट्सवाले विचारतात तेव्हा ‘एक बंद पडली तर दुसरी आहे’ हे ठरलेलं उत्तर दिलं जातं. माझ्या मते ते लंगडं आहे. रस्त्यात जेसीबीने फायबर तोडली, तर आत दोन काय नि दहा काय, उपयोग शून्य. नेट अखंड हवं असेल आणि पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, तर आधी वेगळ्या मार्गाने येणारी दुसरी लाइन घ्यावी. जोडीचा खरा फायदा वेगळाच आहे: भरदुपारी, ऑफिस चालू असताना फर्मवेअर अपडेट करता येतं. आधी स्टँडबायवर, मग ट्रॅफिक तिच्याकडे वळवून पहिलीवर. एकच फायरवॉल असली की हे काम रविवारवर ढकललं जातं, आणि असे किती रविवार जातात ते सर्वांना ठाऊक आहे.

पण जोडी बसवायला लाइनही तशी लागते. कार्प किंवा व्हीआरआरपीच्या नेहमीच्या मांडणीत प्रत्येकीला स्वतःचा आयपी आणि दोघींचा मिळून एक सामाईक, असे तीन पब्लिक आयपी जातात. /२९चा ब्लॉक असेल तर वापरण्याजोगे ६, त्यातला एक आयएसपीच्या गेटवेला. उरलेल्या ५ मध्ये भागतं. एकाच पत्त्यावर जोडी चालवणाऱ्या फायरवॉलही मिळतात, पण लाइन दोघींपर्यंत पोचवायला मध्ये स्विच लागतोच. मग तोच एकटा दुवा झाला, हा आक्षेप खरा आहे. तरी साध्या स्विचला अपडेट-रीस्टार्टची कटकट नसते आणि तसाच दुसरा कपाटात ठेवणं परवडतं. घात होतो तो वेगळीकडे. व्हीआरआरपीचे संदेश २२४.०.०.१८ या मल्टिकास्ट पत्त्यावर जातात. स्विचने ते अडवले की दोघी स्वतःला मास्टर समजतात, आणि नेट धड बंदही पडत नाही, धड चालतही नाही. म्हणून चाचणी घेताना नुसती पॉवर काढून भागत नाही. मोठं डाउनलोड चालू ठेवून फक्त वॅनची केबल उपसावी. डाउनलोड तुटलं, तर दोघींमधलं कनेक्शनच्या नोंदींचं सिंक आधी तपासावं.

पीपीपीओईवर एकच आयपी मिळणाऱ्या छोट्या ऑफिसने या फंदात न पडलेलं बरं. तिथे तेच मॉडेल कपाटात आणि ताज्या कॉन्फिगचा बॅकअप हाताशी, एवढं पुरतं. फक्त आयएसपीने मॅक ॲड्रेस बांधलेला असेल, तर तो बदलून घ्यायला कुणाला फोन करायचा, हे आधीच विचारून ठेवावं.