‘सटल’ वापरण्याची कृती

एस, यू, बी, टी, एल, ई. सहा अक्षरांचा हा इंग्रजी शब्द वाचताना आपण बिनघोर पुढे जातो आणि बोलायची वेळ आली की हळूच टाळतो. निम्मी भीती मधल्या ‘बी’ची असते, म्हणून सुरुवात जिभेपासून करावी.

‘बी’ सरळ गिळून टाका. उच्चार ‘सटल’. ‘सबटल’ नाही, आणि ‘मुलगा पुण्यात सेटल झाला’ यातला ‘सेटल’ही नाही. बॅडमिंटनचं ‘शटल’ म्हणा, ‘श’च्या जागी ‘स’ ठेवा, झालं काम. लॅटिनमधला ‘सुब्टिलिस’ जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत पोचला तेव्हा त्याचा ‘ब’ वाटेतच गळला होता. पुढे विद्वानांना लॅटिन कूळ दाखवायची हौस आली आणि त्यांनी तो लिखाणात परत बसवला. लोकांनी तोंडात काही घेतला नाही. कर्जाचा ‘डेट’ आणि शंकेचा ‘डाउट’ यांच्यातले मुके ‘बी’ही असेच वरातीमागून आलेले.

आता अर्थ. लॅटिन शब्दाचा अर्थ बारीक, तलम. त्याचा उगम बहुधा विणकामातला: मागावरच्या ताण्याखालून जाणारा धागा. हे चित्र डोळ्यांसमोर ठेवलं की पुढची चाचणी सोपी जाते. शब्द वापरण्याआधी स्वतःला विचारा: ही गोष्ट पहिल्या नजरेतून निसटते का? आणि लक्ष दिलं की सापडते का? दोन्हींना ‘हो’ आलं तरच ‘सटल’. नुसतं लहान असून भागत नाही. मुंगी सटल नसते, तुटपुंजी पगारवाढही नाही (ती तर पहिल्याच नजरेत दिसते).

इथे मराठी माणूस हमखास घसरतो, कारण आपला ‘सूक्ष्म’ दोन्हीकडे राबतो. सूक्ष्मजीव, सूक्ष्मदर्शक, सूक्ष्म सिंचन इथे तो आकाराचा किंवा मापाचा आहे. इंग्रजीत तिथे ‘मायक्रो’ येतो. वेदान्तातलं सूक्ष्म शरीर मात्र इंग्रजीत ‘सटल बॉडी’ होतं, कारण तिथे मुद्दा मापाचा नसून इंद्रियांच्या पकडीत न येण्याचा आहे.

नुसती व्याख्या पाठ करून हा शब्द अंगवळणी पडत नाही. त्याला कानाचा आणि जिभेचा सराव लागतो. आधी भूप ऐका, मग देशकार. दोन्हींत तेच पाच शुद्ध स्वर: सा, रे, ग, प, ध. मध्यम आणि निषाद दोन्हींत वर्ज्य. तरी भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, गंधारावर विसावणारा. देशकार सकाळचा, धैवताला धरून वरच्या अंगात रमणारा. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला दोन्ही एकच वाटतील. चार-सहा दिवसांनी एखाद्या आलापात ‘अरे, हा भूप नव्हे’ असं वाटेल. जे जाणवलं त्याला ‘सटल डिफरन्स’ म्हणायचं. भूप आणि भैरवीतल्या फरकाला म्हणायचं नाही. तो कोणालाही कळतो.

जिभेसाठी श्रीखंड घ्या. दुसऱ्या-तिसऱ्या चमच्याला ‘जायफळ आहे का हो यात?’ असा प्रश्न पडला तर स्वाद सटल. पहिल्याच चमच्याला जायफळ नाकात गेलं तर हात जड पडला.

मराठीत आणताना एकच प्रतिशब्द ठरवून ठेवू नका. पुढचं नाम बघा आणि मग शब्द निवडा. फरक असेल तर ‘बारीक’ किंवा ‘सूक्ष्म’, स्वाद असेल तर ‘मंद’, रंग असेल तर ‘सौम्य’. ‘फिका’ लिहू नका, त्यात नापसंती डोकावते. भेदभाव असेल तर ‘छुपा’. विनोदाला बरेच जण ‘मार्मिक’ लावतात. मला ते पटत नाही. मार्मिक विनोद वर्मावर बोट ठेवतो, सटल विनोद दोन वाक्यं पुढे गेल्यावर हसवतो. त्याला मी ‘मिश्कील’वर भागवतो, तेही नाइलाजाने. इशारा असेल तर ‘आडून दिलेला’. रात्री गप्पा रंगल्यात आणि यजमानाने सहज विचारलं, ‘शेवटची लोकल कितीची हो?’ हा आडून दिलेला. त्याने गाद्या घालायला घेतल्या की विशेषण बदला.

माणसाला हे विशेषण लावताना मात्र दोनदा विचार करा. 1611च्या इंग्रजी बायबलमध्ये हव्वेला फशी पाडणाऱ्या सापाचं वर्णन याच शब्दाने केलं आहे, आणि तिथे अर्थ आहे ‘कपटी, धूर्त’. ही छटा आता मागे पडली असली तरी मेलेली नाही. शिफारसपत्रात ‘त्या सटल आहेत’ असं लिहिण्यापेक्षा त्यांच्या अभिनयाला, लेखनाला किंवा युक्तिवादाला ते विशेषण लावा.

तर-तम भावासाठी ‘सटलर’ आणि ‘मोअर सटल’ दोन्ही चालतात. ‘मोअर सटलर’ नाही. क्रियाविशेषण ‘सटली’, त्यातही ‘बी’ मुकाच.

शेवटी मराठी बोलण्यातला ‘सटल’. साडीच्या दुकानात तो आता सर्रास ऐकू येतो. राखाडीकडे झुकणारा मोरपंखी दाखवून विक्रेता ‘सटल कलर आहे, ताई’ म्हणाला तर मान डोलवा. भरगच्च जरीच्या पैठणीवर हात ठेवून तेच म्हणाला, तर साडी आवडली असेल तर घ्या, पण शब्द दुकानातच ठेवून या.