‘पण ते तर हसत होते’

बालवाडीतल्या मुलांकडून ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ पाठ करून घेणं सोपं असतं. भिंतीवर तक्ता लावायचा, टाळ्यांवर गाणं बसवायचं, की पंधरवड्यात सगळा वर्ग घडाघडा म्हणू लागतो. नाशिकला मी शिकवते त्या बालवाडीत साडेचार वर्षांचा एक मुलगा हे गाणं सगळ्यांत मोठ्याने म्हणायचा. त्याच मुलाला त्यांच्याच इमारतीतले, घरी रोज चहाला येणारे एक गृहस्थ काही महिने त्रास देत होते. कधीतरी अंघोळीच्या वेळी तो बोलून गेला. “अरे, मग आधी का नाही सांगितलंस?” असं आईने विचारलं, तेव्हा तो म्हणाला, “पण ते वाईट नव्हते. ते तर हसत होते.”

त्याने शिकवलेलंच तंतोतंत लावून पाहिलं होतं. तक्त्यावरचा वाईट माणूस मिशाळ, डोळे वटारलेला असतो. वाईट स्पर्शाने दुखतं, रडू येतं, असं गाण्यात असतं. इथे गुदगुल्या होत्या, मोबाइलवरचा गेम होता, चॉकलेट होतं आणि ‘ही आपल्या दोघांची गंमत’ होती.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला होता. त्यात निम्म्याहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं. सांगणाऱ्यांत मुलगे मुलींपेक्षा किंचित जास्तच होते. त्रास देणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे ओळखीचे, भरवशाचे होते. तरीही घरोघरी पढवणी एकच: अनोळखी माणसाकडून खाऊ घ्यायचा नाही. आणि तीही बहुधा मुलीलाच. ‘आमचा मुलगा आहे, त्याला काय होतंय’ हे वाक्य पालकसभेत मी अजूनही ऐकते.

त्या प्रकरणानंतर मी तो तक्ता काढून टाकला. स्पर्श चांगला की वाईट, हा निवाडा चार वर्षांच्या मुलावर सोपवणंच मला पटत नाही. मुलाला जागा सांगावी. चड्डीने झाकतो तो भाग आपला. तिथे कुणी हात लावायचा नाही, बघायचं नाही, फोटो काढायचा नाही, आणि आपल्यालाही कुणी त्यांचा तो भाग दाखवायचा किंवा हात लावायला सांगायचं नाही. मग तो माणूस हसो की रागावो, काका असो की दादा. धुवायचं असेल तर घरातली ठरलेली माणसं, तपासायचं असेल तर डॉक्टर, तेही आई-बाबांपैकी कुणीतरी खोलीत असताना. अवयवांची नावंही नाक-कान शिकवतो त्याच आवाजात शिकवावीत. मूल वर्गात ‘माझी चिऊ दुखते’ म्हणालं, तर आमच्या मदतनीस मावशी आधी खिडकीबाहेरच बघतील.

गुपिताचं जास्त नीट समजावावं लागतं. आजीच्या वाढदिवसाची साडी लपवून ठेवली, तर ती एक दिवस सगळ्यांसमोर उघडायचीच असते. जी गंमत आईला कधीच सांगायची नाही असं कुणी बजावतं, ती त्याच दिवशी आईला सांगायची. एवढा फरक चार वर्षांच्या मुलाला कळतो, फक्त तो अधूनमधून बोलण्यात यायला हवा. त्यासाठी वेगळा तास नको, अंघोळ घालताना, कपडे बदलताना विषय आपसूक निघतो.

खरी अडचण लग्नकार्यात येते. “मामांना पापी दे बरं! नाही? लाजतोस काय रे!” म्हणत मुलाला उचलून मामांच्या मांडीवर बसवलं जातं. घरातल्या दहा माणसांनी ज्याचा नकार हसण्यावारी नेला, त्याने अकराव्यासमोर ‘नाही’ म्हणावं अशी अपेक्षा कशी करायची? नमस्कार करू दे, टाळी देऊ दे, तेही नको असेल तर राहू दे. ज्येष्ठ रुसतात. रुसू द्यावं.

मूल बोललंच, तर त्या क्षणी आपला चेहरा सांभाळणं सगळ्यांत कठीण. त्या मुलाची आई आतून कोसळली होती, पण तिने टॉवेलने त्याचं अंग पुसत “सांगितलंस ते फार छान केलंस, तुझं काही चुकलं नाही” एवढंच म्हटलं आणि नंतर त्याचे शब्द वहीत जसेच्या तसे लिहून ठेवले. खोदून खोदून विचारू नये, आपले शब्द त्याच्या तोंडी घालू नयेत. संशयिताला बोलावून मुलासमोर जाब तर मुळीच विचारू नये. घटना ताजी असेल तर ते कपडे धुवायला टाकू नयेत.

२०१२ च्या पॉक्सो कायद्याने मुलगा-मुलगी असा भेद ठेवलेला नाही, आणि गुन्हा माहीत असून न कळवणं हाही गुन्हाच आहे. शाळेलाही तो दडपता येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला शाळेतल्या चिमुरड्या मुलींवरच्या अत्याचारानंतर लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले, त्या संतापात तक्रार नोंदवून घ्यायला झालेली दिरंगाईही होती. पोलीस ठाण्यात जायचा धीर होत नसेल, तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. ‘बदनामी होईल’ म्हणून मागे सरणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की मुलाची ओळख पटेल असं काहीही छापायला, दाखवायला कायद्याने बंदी आहे. जबाब मुलाच्या घरी घेता येतो, पोलिसांनी तेव्हा गणवेशात असायचं नसतं. या मुलाकडे साध्या सलवार-कमीजमध्ये एक महिला अधिकारी आल्या होत्या. त्याने त्यांना आधी आपली खेळण्यातली जेसीबी दाखवली, त्यांनीही ती निवांत बघितली.

पोलिसांपेक्षा जास्त त्रास पुढे भेटायला येणाऱ्यांनी दिला. प्रत्येकाला सगळं पहिल्यापासून ऐकायचं असायचं, तेही मुलाच्या देखत. शेवटी त्याच्या बाबांनी दारातच सांगायला सुरुवात केली: त्याच्याशी बोलायचं तर जेसीबीबद्दल बोला, नाहीतर चहा घेऊन निघा.