लस फुकट, पण रोज बुडतो

अकोला-अमरावतीकडच्या वस्त्यांमध्ये लेकराचं लसीकरण कार्ड पाहायला मागितलं, की आम्हाला दोन तऱ्हेची घरं दिसतात. नोकरदाराच्या घरून फाईल येते, पुढची तारीख आईच्या मोबाईलवर लावलेली असते. मजुराच्या घरी कार्ड रेशनकार्डात घडी करून ठेवलेलं असतं आणि साडेतीन महिन्यांनंतरचे रकाने कोरे असतात. माया दोन्हीकडे सारखीच. फरक पडतो तो रोजाचा.

सरकारी लस फुकट आहे. पण दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या तीन फेऱ्या, मग नऊ महिन्यांनंतर गोवर-रुबेला, पुन्हा 16 ते 24 महिन्यांत दुसरा डोस आणि बूस्टर, म्हणजे तेवढे दिवस कामाला खाडा. नऊ महिन्यांचा डोस नेमका कापूस वेचणीत आला, तर तो हमखास राहतो. त्यात लेकराला रात्री ताप चढला, तर दुसरा रोजही जातो. "चांगलं होतं लेकरू, सुई देऊन तापवलं," असं म्हणणाऱ्या आजीला अडाणी ठरवणं सोपं आहे. पेंटाव्हॅलंटनंतर एक-दोन दिवस ताप येऊ शकतो, हे तिला आधी कुणी सांगितलेलंच नसतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 2019-21 मध्ये महाराष्ट्रात एक ते दोन वर्षांच्या साधारण चारपैकी तीन बालकांचं लसीकरण पूर्ण होतं. चौथं बालक कुठलं? 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ आली, तेव्हा गोवंडीच्या दाट वस्तीला तिचा मोठा फटका बसला. बाबासाहेब आणि रमाईंची पाचपैकी चार अपत्यं लहानपणीच गेली, राजरत्न 1926 मध्ये. तेव्हा गोवराची लस नव्हती. आज आहे, आणि ती अंगणवाडीपर्यंत येते.

डोस राहिला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. थांबलं तिथून पुढे द्यायचं. ही गोष्ट ठाऊक नसल्याने "आता उशीर झाला" म्हणत पुष्कळ आया घरीच बसतात, सिस्टर रागावेल ही भीती वेगळीच. गोवर-रुबेलाचा राहिलेला डोस पाच वर्षांपर्यंत मिळतो. साधी सर्दी-पडसं असलं तरी लस चालते. वीटभट्टीवर किंवा पुण्याकडे कामाला जाणाऱ्यांनी कार्ड सोबत न्यावं. त्याचा फोटो मोबाईलमध्ये असला तर उत्तमच. कोणत्याही सरकारी केंद्रावर पुढचा डोस मिळतो.

'पे बॅक टू सोसायटी'वर आपल्याकडे भाषणं भरपूर होतात. नोकरदार भगिनींना आमचं मागणं लहान आहे. रविवारी विहारात वंदना झाली, की वस्तीतली कार्डं मागवून घ्या, कोरे रकाने वाचा आणि आशाताईंना नावं कळवा. लसीच्या दिवशी जिचा रोज बुडणार आहे, तिचं लेकरू आजीसोबत केंद्रावर न्यायला तुमच्यापैकी एकीने जावं. टोचल्यावर अर्धा तास तिथंच थांबायचं, आणि तापाचं औषध किती द्यायचं ते सिस्टरकडून कार्डावर लिहून घ्यायचं.