फुकटचे अर्पण नको

शास्त्रपाठ : २ शमुवेल २४:१५-२५. ताडून पाहा : १ इतिहास २१; मलाखी १:८; मत्तय ५:२३, २४; मार्क १२:४१-४४.

खळे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. बैलांची पात फिरत आहे आणि वर्षाच्या कष्टांची रास डोळ्यांदेखत वाढत आहे, हे ज्याने पाहिले आहे त्यास आजचा पाठ सहज कळेल. कारण उपासनेचा एक मोठा धडा दावीद राजा खळ्यावरच शिकला.

दावीदाने प्रजेची शिरगणती केली, आणि मागून त्याचे मन त्याला टोचू लागले. देशात मरी येऊन ७०,००० माणसे मेली. नाश करणारा दूत यरुशलेमेवर हात उगारून अरवना यबूसी याच्या खळ्यापाशी उभा असता परमेश्वराने दया करून त्याचा हात आवरला. मग त्याच खळ्यावर वेदी बांधावी, असे गाद संदेष्ट्याने दावीदास सांगितले.

अरवना गहू मळीत होता. राजाचा हेतू कळताच त्याने सर्व काही देऊ केले : खळ्याची जागा, होमासाठी बैल, सरपणासाठी मळणीची अवजारे व जू. दावीदाने ते घेतले असते तर कोणी त्यास नाव ठेवले नसते. परंतु आपले काहीच न वेचता मिळालेली वस्तू देवापुढे ठेवण्यास त्याचे मन धजेना. खळे व बैल यांबद्दल त्याने ५० शेकेल रुपे मोजून दिले. पुढे शलमोनाने मंदिर बांधले ते ह्याच जागी.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. ते रुपे अरवनाला मिळाले. देवाने काही विकले नाही. दूताचा हात आवरला गेला तो वेदी उभी राहण्यापूर्वीच. दया आधी, अर्पण मागून, हाच क्रम आहे. यास्तव आपली उपासना म्हणजे नवस फेडणे नव्हे. फुकट मिळालेल्या तारणाबद्दल मनापासून मानलेले उपकार होत.

कोणी म्हणेल, दावीद राजा होता. आम्ही मोलमजुरी करणारी माणसे, आम्ही काय द्यावे? त्याने त्या विधवेकडे पाहावे. तिच्या दोन टोल्या प्रभूने धनवानांच्या देणग्यांहून अधिक मोलाच्या मानल्या, कारण तिने मागे काहीच राखले नाही.

आता आपण आपणांसच विचारू. आमचे वारकरी शेजारी पंढरपुरापर्यंत पायी जातात, आणि आम्हांस गावातले मंदिर दूर वाटते! बाजारास पहाटे निघणारे आम्ही उपासनेस दुसरे गीत चालू झाल्यावर येतो. तोंडाने गातो, आणि मन पाटाच्या पाण्यावर असते. मलाखीच्या काळी लोक लंगडे व आंधळे पशू वेदीवर आणीत. आमचे उरलेसुरले लक्ष त्याहून निराळे आहे काय? उपदेशकबंधूंनीही विचार करावा. जो ऐन वेळी पुस्तक उघडून उभा राहतो, तो फुकटचे बैल अर्पितो. पाठ आदल्या रात्री प्रार्थनापूर्वक वाचावा, आणि आधी तो आपल्याच अंतःकरणास लागू करावा.

गृहिणींनी चुलीवर भांडे चढविण्यापूर्वी देवासाठी एक मूठ धान्य बाजूस काढावे, उरल्यावर नव्हे. परंतु सर्वांत महाग अर्पण धान्याचे नाही. बांधावरून भावाशी भांडण होऊन कित्येक वर्षांचा अबोला असेल, तर प्रभू सांगतो की, अर्पण वेदीपाशीच ठेवावे आणि आधी भावाशी समेट करावा. त्या घराचा उंबरठा ओलांडण्यास जी किंमत पडते, ती आमच्यापैकी कित्येकांस ५० शेकेलांहून भारी वाटेल. तरी ती देऊन जो मंदिरात येतो, त्याचे गीत बेसूर असले तरी देवास प्रिय होते.

विचारासाठी प्रश्न :
१. गेल्या रविवारच्या उपासनेसाठी माझे काय वेचले?
२. कोणाच्या दारी जाण्याचे मी टाळीत आहे?

प्रार्थना : हे प्रभो, तू आम्हांसाठी आपणास राखिले नाहीस. आम्हीही तुझ्यापासून काही राखून ठेवू नये, असे मन आम्हांस दे. आमेन.