अल्प मिळकत आणि हलाल आनंद

महिन्याची पहिली तारीख येते, पगार हाती पडतो आणि पंधरवडा संपण्याआधीच खिसा रिकामा होतो. नुकतीच विशी ओलांडलेल्या आपल्या कित्येक तरुणांची ही व्यथा आहे. कुणी दुकानात, कुणी यंत्रमागावर, तर कुणी परक्या शहरात खोली घेऊन पहिली नोकरी करीत असतो. मित्रांचे नवे मोबाईल, सहली आणि मेजवान्या पाहून मनात प्रश्न उठतो : आनंद काय केवळ श्रीमंतांसाठीच आहे? तुमच्याही मनात हा प्रश्न आला असेल, तर दीनने त्याचे दिलेले उत्तर शांतपणे समजून घ्या.

इस्लामने आनंदाला निषिद्ध ठरविलेले नाही. सूरह अल-आराफच्या 31 व 32 व्या आयतींत खाण्यापिण्याची मुभा आहे, मनाई आहे ती उधळपट्टीची. अल्लाहने आपल्या दासांसाठी निर्माण केलेली शोभा आणि शुद्ध पदार्थ हराम ठरविणाऱ्यांना तेथे जाब विचारला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत आयशा (रजि.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावली होती. एकदा घरात कालवण म्हणून केवळ सिरका होता, तेव्हा त्यांनी तोच मागवून घेतला आणि त्याची स्तुती करीत भाकरी खाल्ली. या दोन्ही प्रसंगांत खर्च असा काहीच नव्हता, आनंद मात्र पुरेपूर होता.

मग आपला आनंद हिरावतो कोण? पुष्कळदा कमी पगार नव्हे, तर इतरांच्या नजरेसाठी काढलेले कर्ज. हिशेब करून पाहा. पगार 18,000 रुपये. खोलीचा वाटा 4,000, खानावळ 4,500, घरी पाठवायचे 5,000, प्रवास 1,000. उरले 3,500. आता 3,000 रुपये हप्त्याचा मोबाईल घेतला, तर महिनाभरासाठी हाती राहतात अवघे 500 रुपये. मोबाईल चार दिवसांत जुना होतो, हप्ता मात्र वर्षभर छातीवर बसतो. एखादा हप्ता चुकला की दंड आणि व्याज सुरू होते. आणि व्याजाविषयी सूरह अल-बकरामध्ये किती कठोर इशारा आहे, हे आपण जाणताच.

प्रेषित (स.) नमाजमध्ये कर्जापासून अल्लाहचा आश्रय मागत असत. कारण विचारले असता त्यांनी सांगितले की, कर्जात बुडालेला मनुष्य बोलताना खोटे बोलतो आणि दिलेला शब्द मोडतो. म्हणजे कर्ज खिशापुरते थांबत नाही, ते चारित्र्यापर्यंत पोहोचते. ज्याला मित्राचा फोन उचलण्याची भीती वाटते, तो मैत्रीचा आनंद कसा घेणार?

उरलेल्या 3,500 रुपयांचे दुसरे नियोजन करता येईल. 1,500 बचत, आठ महिन्यांत 12,000 जमतील आणि साधा मोबाईल रोखीने घेता येईल. 500 सदका आणि लहान भावंडांसाठी. उरलेले 1,500 स्वतःच्या हलाल आनंदासाठी, आणि तेही मनात अपराधीपणा न ठेवता. शरीराचा आपल्यावर हक्क आहे, घरच्यांचाही आहे, ही हजरत सलमान (रजि.) यांची शिकवण प्रेषितांनी (स.) योग्य ठरविली होती. रविवारी खोलीतील चौघांनी मिळून एक हंडी शिजवावी. दोघांचे जेवण तिघांना पुरते, असे हदीसमध्ये आलेच आहे. फज्रनंतर समुद्रकिनारी किंवा टेकडीवर फेरफटका मारावा, वाचनालयाचे सभासद व्हावे, मैदानावर खेळावे. हा आनंद थोडक्या पैशांत मिळतो.

मात्र कनाअत म्हणजे हातावर हात धरून बसणे नव्हे. प्रेषितांनी (स.) दारिद्र्यापासूनही अल्लाहचा आश्रय मागितला आहे आणि स्वतःच्या हातच्या कमाईला सर्वोत्तम अन्न म्हटले आहे. तेव्हा नवे कौशल्य शिका, कष्टाचा वाजवी मोबदला मागा. अधिक मिळविण्याचा प्रयत्न करताना आज मिळालेल्याबद्दल शुक्र अदा करणे, हीच कनाअत होय. खरी श्रीमंती मालमत्तेची नसून मनाची असते, या हदीसचा आशय हाच आहे.

आईवडिलांनाही एक विनंती. शेजाऱ्याच्या मुलाच्या पगाराशी आपल्या मुलाची तुलना करू नका. त्याच्या निकाहच्या खर्चाचा डोंगर उभा करू नका. ज्या सहाबींना महरसाठी लोखंडाची अंगठीही मिळाली नाही, त्यांचा निकाह प्रेषितांनी (स.) त्यांना पाठ असलेल्या कुरआनच्या सूरहांवर लावून दिला. मग आपण कुणासाठी मांडव सजवतो आणि मुलाला कर्जात ढकलतो?

आज रात्री झोपण्यापूर्वी एक कागद घ्या. एका बाजूला या महिन्यात दिखाव्यासाठी केलेला खर्च लिहा, दुसऱ्या बाजूला ज्या क्षणी मनापासून हसलात ते क्षण लिहा. दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहा. पुढील महिन्याचा मार्ग तुम्हाला तेथेच दिसेल. अल्लाह आपल्या रिझ्कमध्ये बरकत देवो आणि मनाची श्रीमंती प्रदान करो. आमीन.